एफवायच्या वर्गातली गप्प मुलं

मालाड (पश्चिम)

चि. छोटीस,


तुझं पत्र वाचलं. प्रश्न विचारला की मुलं माना खाली घालतात आणि तास संपला की 'मॅम, पीपीटी ग्रुपवर टाका' एवढंच म्हणतात, ही तुझी तक्रार. नव्या प्राध्यापकाला एफवायचा वर्ग असाच भेटतो. पण म्हणून त्यांना आळशी ठरवू नकोस. दहावी आणि बारावी ही मुलं गाइड, क्लासच्या नोट्स आणि आयएमपीच्या यादीवर पार करून आली आहेत. ज्या वाटेनं मार्क मिळाले ती वाट ही मुलं सोडतील कशाला?

डालमिया, खांडवाला, सराफ... मालाडला कॉलेजांची वानवा नाही. मालवणीतून, कुरारमधून, थेट विरारहून मुलं येतात. सकाळचं कॉलेज उरकलं की कुणी मोबाइलच्या दुकानात उभा, कुणी माइंडस्पेसमधल्या ऑफिसात शिफ्टला. त्यांना 'घरून वाचून या' सांगणं सोपं आहे, घडणं कठीण. त्यात 2024-25 पासून मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत एफवायला नवं शैक्षणिक धोरण आलं. कॉमर्सच्या मुलानं दुसऱ्या शाखेचा विषय ओपन इलेक्टिव्ह म्हणून निवडायचा. निवड हाती आली, पण मुलांचा पहिला सवाल जुनाच: 'स्कोअरिंग कुठला?'

मग करायचं काय? उदाहरणासाठी लांब जायला नको, पवईला जाऊ. आयआयटीत पहिल्या वर्षाचा प्रोग्रामिंगचा वर्ग म्हणजे एका सभागृहात शेकडो मुलं. तिथे शिक्षक एक प्रश्न पडद्यावर टाकत. आधी प्रत्येकानं एकट्यानं विचार करून वहीत लिहायचं, मग शेजाऱ्याशी ताडून बघायचं, शेवटी सगळ्या वर्गात चर्चा. मुलं खरोखर काम करताहेत की टिवल्याबावल्या, हे टिपायला निरीक्षक वर्गात बसवले होते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी 83 टक्के मुलं कामात गुंतलेली दिसली. आयआयटीची मुलं निवडक, हे मान्य. पण एवढ्या गर्दीत जे जमलं ते तुझ्या वर्गात का जमू नये? यात कळीचं आहे ते आधी एकट्यानं लिहिणं. ते गाळलंस की हुशार मूल बोलणार आणि शेजारचा मान डोलावणार.

जगभरातले आकडेही हेच सांगतात. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे 225 अभ्यास 2014 साली एकत्र तपासले गेले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी जवळजवळ 34 टक्के मुलं नापास होत. मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत 22 टक्क्यांच्या आसपास.

एक मात्र ध्यानात ठेव, मुलं कुरकुरणार. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर प्रयोग झाला, तो 2019 साली छापून आला. स्वतः गणितं सोडवणाऱ्या गटाला चाचणीत मार्क जास्त पडले, पण त्यांनाच वाटत होतं की आपण कमी शिकलो! गुळगुळीत व्याख्यान ऐकलं की सगळं कळल्यासारखं वाटतं; डोकं चालवताना अडखळायला होतं. म्हणून हे गुपित पहिल्याच आठवड्यात वर्गाला उघड सांगून टाक. नाहीतर 'मॅम काही शिकवतच नाहीत' अशी बोंब व्हायला वेळ लागणार नाही.

तुझा विषय अर्थशास्त्र, आणि स्टेशनबाहेर भाजीबाजार. मागणी-पुरवठ्याची व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना सांग: कोथिंबिरीच्या जुडीचा भाव सकाळी कॉलेजला येताना विचारा आणि रात्री घरी जाताना पुन्हा. वेळ, भाव आणि जुडी कोमेजली होती का, एवढंच लिहून आणा. एकाच ठेल्यावर भाव का उतरला? शेजारच्यानं का उतरवला नाही? यावर दोघादोघांना भांडू दे. आलेख त्यानंतर काढ. वाटेतलंच काम असल्यामुळे दुकानात उभं राहणाऱ्या मुलालाही ते जमेल. किंबहुना गिऱ्हाइकाशी घासाघीस कशी चालते हे त्यालाच जास्त ठाऊक असतं, आणि वर्गात पहिल्यांदा तो बोलेल.

सगळा पोर्शन असा होणार नाही. काही भाग सरळ शिकवूनच संपवावा लागतो, त्याची लाज बाळगू नकोस. पहिल्या इंटर्नलपर्यंत दर तासाला एक प्रश्न, एवढंच करून बघ आणि मुलं काय म्हणतात ते मला सविस्तर कळव.

तुझी,
मावशी