लंडन आणि व्हिएन्नामधला सांधा

१९५८च्या सुरुवातीला हॉलिवूडच्या स्टुडिओंमधले वादक संपावर गेले आणि हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’चं संगीत समुद्रापार न्यावं लागलं. संगीतकार बर्नार्ड हरमन आपल्या संगीताचं संचालन एरवी स्वतः करायचा. या वेळी ते जमण्यासारखं नव्हतं. लंडनमध्ये संचालक म्यूर मॅथिसनने ‘सिन्फोनिया ऑफ लंडन’कडून ते वाजवून घ्यायला घेतलं. काम अर्ध्यावर असताना तिथल्या वादकांनीही अमेरिकी सहकाऱ्यांच्या पाठिंब्यासाठी वाद्यं खाली ठेवली. उरलेलं मुद्रण व्हिएन्नात झालं. लंडनचं स्टीरिओ, व्हिएन्नाचं मोनो! चित्रपट लागला तो मोनोतच, त्यामुळे थिएटरात बसलेल्यांना हा सांधा कळण्याचं कारण नव्हतं.

तो कळला १९९६ साली. ‘व्हारेज साराबांद’ या कंपनीने मॅथिसनचं मूळ मुद्रण रीमास्टर करून सीडीवर आणलं. तोवर रसिकांकडे मर्क्युरी कंपनीची जुनी एलपी होती, तीत जेमतेम अर्ध्या तासाचं संगीत. आता ते तासाभराहून जास्त झालं. त्याच वर्षी रॉबर्ट हॅरिस आणि जेम्स कॅट्झ यांनी दुरुस्त केलेला चित्रपटही ७० मिलिमीटरमध्ये पडद्यावर परतला.

रीमास्टरिंग म्हणजे आवाज धुऊन लख्ख करणं, असं बऱ्याच जणांना वाटतं. या कामातला माणूस मात्र आधी फिल्मचा वास घेतो. त्या काळी चित्रपटाचं संगीत बहुतेक चुंबकीय थर दिलेल्या ३५ मिलिमीटर फिल्मवर मुद्रित व्हायचं. तिचा अ‍ॅसिटेटचा पाया कुजायला लागला की व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो. फिल्म आकसते, कडेची भोकं यंत्राच्या दात्यांवर नीट बसत नाहीत, पट्टी वाकते आणि आवाज उचलणाऱ्या हेडपासून केसभर दूर राहते. तेवढ्यानेही व्हायोलिनची धार बोथट होते. मग हेडचा स्क्रू किंचित, अगदी किंचित फिरवायचा आणि वरचे सूर उजळतात का ते कान देऊन ऐकायचं. उजळले, की थांबायचं. हे साधलं नाही तर पुढे कितीही महागडं सॉफ्टवेअर लावा, उपयोग नाही. जे फिल्मवरून उचललंच गेलं नाही, ते नंतर आणणार कुठून?

खरी कसोटी लागते ती फिल्मवरच्या खरखरीपाशी. हरमनच्या शीर्षकसंगीतात तीन-तीन सुरांचे गुच्छ एकाच वेळी वर चढतात आणि खाली उतरतात, आरशासमोर आरसा धरल्यासारखे. शीर्षकं रचणाऱ्या सॉल बासची फिरणारी वर्तुळं त्यावरच तरंगतात. पुढे चित्रपटाची नायिका ज्यूडी हिरव्या निऑनच्या उजेडातून मॅडेलिन होऊन बाहेर येते, तेव्हा बराच वेळ कुणी बोलत नाही. सगळा भार तंतुवाद्यांवर असतो. ती हळू वाजतात तेव्हा गजाचं घासणं, सूर विरत जातानाची दालनातली हवा आणि फिल्मची खरखर ही सगळी एकाच वरच्या पट्ट्यात वावरतात. खरखर पूर्ण काढली की हवाही जाते, आणि एवढा मोठा वाद्यवृंद कापूस कोंबलेल्या खोलीत वाजवल्यासारखा वाटतो. म्हणून चांगला इंजिनिअर टिचक्या आणि तडतड एकेक करून वेचतो. खरखर कमी करतो, पण राहू देतो.

आणि तो सांधा? व्हिएन्नाच्या मोनोला फिल्टर आणि कृत्रिम घुमारा लावून खोटं स्टीरिओ बनवता आलं असतं. कितीतरी जुन्या एलपींवर हा अत्याचार झालेला आहे. १९९६च्या सीडीवर लंडन रुंद ऐकू येतं आणि व्हिएन्ना मधोमध एकवटतं. पहिल्यांदा ऐकताना दचकायला होतं, पण हेच योग्य आहे. या मुद्रणाचा इतिहासच दोन शहरांत विभागलेला आहे. तो पुसण्याचा हक्क मास्टरिंगच्या टेबलावर बसलेल्याला कुणी दिला?

ज्याला एकसंध, स्वच्छ ध्वनी हवा, त्याच्यासाठी जोएल मॅकनीलीने रॉयल स्कॉटिश नॅशनल ऑर्केस्ट्राकडून हेच संगीत नव्याने वाजवून घेतलं आहे, आणि ते सुंदर आहे. पण तो दुसरा वाद्यवृंद, दुसरं दालन, दुसरं वाजवणं. मॅथिसनच्या वाजवून घेण्यावर हरमन स्वतः खूष नव्हता. तरीही हिचकॉकने दृश्यांवर चढवलं ते तेच.

चित्रपटाच्या दुरुस्तीत मात्र हा संयम सगळीकडे पाळला गेला नाही. मूळ फिल्मवरचं लंडनचं संगीत स्टीरिओत परत आलं, पण पावलांचे, बंदुकीचे आवाज नव्याने मुद्रित करून बसवले गेले. सुरुवातीच्या गच्चीवरच्या पाठलागात गोळी सुटते ती १९९६ची, आणि तिच्याखालचे ब्रास १९५८चे. ही सरमिसळ कानाला बोचते, आणि तेव्हाही अनेक चित्रपटप्रेमींनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली होती.