चिल्ल्याचे शेवटचे दहा दिवस

मुलांनो, फेब्रुवारी संपत आला की आपल्याकडे काय होतं? स्वेटर धुऊन ट्रंकेत जातात, गोधड्या गच्चीवर उन्हात पडतात आणि आई म्हणते, "संपली बाई एकदाची थंडी!" (त्यापुढचं "आता अभ्यासाला लागा" हे वाक्य आपण ऐकलं न ऐकलंसं करू!) श्रीनगरच्या आयासुद्धा हे म्हणायला आतुर झालेल्या असतात. पण त्यांना इतक्यात ते म्हणता येत नाही. कारण 'चिल्ला-ए-बच्चा' अजून जायचा असतो.

आता हा बच्चा कोण? सांगते. काश्मिरात कडक थंडीचे दिवस चक्क मोजलेले आहेत. २१ डिसेंबरला 'चिल्ला-ए-कलां' सुरू होतो. हा थोरला, चाळीस दिवसांचा. मग धाकटा, 'चिल्ला-ए-खुर्द', वीस दिवसांचा. आणि २० फेब्रुवारीपासून दहा दिवस हा बच्चा! थोरल्याच्या अमलात दल सरोवराच्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो, नळ गोठतात, छपरांच्या कडांना बर्फाचे लांबच लांब सुळे लोंबतात. त्यांना तिथे 'शिशरगांठ' म्हणतात. दिसतात मोठे झोकदार, पण खाली उभं राहून बघायचं नाही हं! डोक्यावर कधी पडतील नेम नाही. बच्चा त्या मानाने गरीब. पण लहरी. ऊन पडलं म्हणून निर्धास्त व्हावं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बर्फ.

मी गेले होते ती नेमकी या बच्चाच्या दिवसांत. हरि पर्वताच्या पायथ्याजवळच्या जुन्या वस्तीत ओळखीच्या घरी उतरले होते. घरात आजी, आई आणि पाच वर्षांचा एक मुलगा. बाबा कुठे? ते कोलकात्याला. ऑक्टोबरात शालींची गाठोडी घेऊन निघायचं, हिवाळाभर तिकडे दारोदार फिरून विकायच्या आणि थंडी सरली की परतायचं. काश्मिरातले कितीतरी शालवाले पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत.

म्हणजे सगळा हिवाळा एकट्या आईच्या अंगावर. त्यात शाळांना डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत सुट्टी! तुम्ही म्हणाल, वा, काय मज्जा! ती म्हणाली, "बहनजी, आठ दिवस याला तुम्ही सांभाळून बघा."

तिला खरी काळजी होती कांगडीची. कांगडी म्हणजे मातीचं भांडं, त्याला बाहेरून काटक्यांची विणलेली टोपली आणि आत निखारे. शरद ऋतूत गळलेली चिनारची पानं गोळा करून, जाळून बायका तिच्यासाठी कोळसा करून ठेवतात. ही कांगडी पायघोळ फेरनच्या आत पोटाशी धरून माणसं घरभर हिंडतात. मी पहिल्यांदा धरली तेव्हा भीतीने जागची हललेच नाही! पण पाच वर्षांचं पोर कुठे एका जागी बसणार? उडी मारली, कांगडी कलंडली की भाजलंच. म्हणून त्याला ती एकट्याला द्यायची नाही. द्यायची नाही तर त्याचे हात गारठतात. रात्री त्याच्या पायाशी क्षणभर ठेवायची, अंथरूण उबलं की काढून घ्यायची. "मार्चमध्ये ही माळ्यावर टाकते ना, त्या रात्री मला पहिली झोप लागते," ती म्हणाली.

जेवायला सुकवलेला दुधी होता. उन्हाळ्यात दुधी, वांगी, टोमॅटो कापून, वाळवून ठेवायचे. पूर्वी बर्फाने नि दरडींनी जम्मूचा रस्ता दिवसेंदिवस बंद पडे, तेव्हा हाच आधार. आता २०२१ पासून बनिहालचा नवा बोगदा आहे, २०२५ पासून रेल्वेही थेट श्रीनगरला जाते. पण वाळवणाची सवय गेलेली नाही. लेकाने मात्र ताटाकडे बघून तोंड वाकडं केलं. त्याचं काश्मिरी मला कळलं नाही, पण "पुन्हा तेच?" एवढं कुठल्याही भाषेत कळतं!

रात्री बाबांचा फोन आला. विक्री किती झाली वगैरे नंतर. पहिला प्रश्न, "बदामाला कळ्या आल्या?" अंगणात एकच झाड. आई म्हणाली, "फुगल्यात. फुटल्या नाहीत अजून." पलीकडून ते म्हणाले, कोलकात्यात पंखे सुरू झालेत, आता शाल कोण घेतो? त्या घरात त्या रात्री याहून चांगली बातमी नव्हती.

सकाळी उठून बघते तर बच्चाने डाव साधलेला! अंगण पांढरं. मुलगा आनंदाने नाचतोय आणि आई झाडाखाली उभी राहून एकेक फांदी हलकेच हलवून बर्फ झाडतेय.

मार्चमध्ये श्रीनगरला गेलात, तर हरि पर्वताजवळची बदामवारी जरूर बघा. काश्मिरी वसंताची, म्हणजे 'सोंथ'ची, पहिली गर्दी तिथेच होते. आणि पुढच्या थंडीत तुमच्या दारी शालवाला आला, तर आई शाली बघेपर्यंत तुम्ही त्याला विचारा, "चाचा, तुमच्याकडे बदाम कधी फुलतात?"