आमच्या जीपचे दुखणे

आम्ही शाळेत मराठी आणि इतिहास शिकवितो. यंत्रांशी आमचा संबंध फार तर सायकलच्या चाकात हवा भरण्यापुरता. तेव्हा यंदाच्या वार्षिकासाठी लेख मागण्यात आला त्या वेळी आपण मोटारीच्या स्टिअरिंगवर लिहू, असे आमच्या स्वप्नातही आले नव्हते. परंतु चवथीपासून नाताळापर्यंत आमच्या घरात जी बोलाचाली झाली, जो अबोला झाला आणि जो पैसा गेला, तो सर्व एका जीपच्या पुढच्या दोन चाकांपायी. मनात तेच साठले आहे. उसने अवसान आणून वसंत ऋतूवर लिहिण्यापेक्षा तेच लिहिलेले बरे.

वाळपईच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आमचे वडिलार्जित कुळागर आहे. पोफळी, माड, थोड्या केळी आणि मिरीचे वेल एवढीच त्याची संपत्ती. पण वडिलांच्या मागे आईचा जीव तेथेच गुंतलेला. डांबरी सडक संपल्यावर पुढे ३ किलोमीटर जी वाट आहे तिला वाट म्हणणे हा तिचा गौरव होय. ती दोनदा व्हाळात उतरते आणि दोनदा दगडगोट्यांवरून वर चढते. तेथे साध्या मोटारीचे काम नाही. म्हणून घरात जुन्या बांधणीची एक जीप आहे. जुन्या बांधणीची म्हणजे, जिची पुढची दोन्ही चाके एकाच अखंड लोखंडी एक्सलच्या दोन टोकांस बसविलेली असतात आणि तो एक्सल पोलादी पाट्यांच्या आधाराने चेसिसखाली बांधलेला असतो. आजच्या बहुतेक मोटारींत पुढचे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे खालीवर होते. ह्या जीपमध्ये एका चाकास ठेच लागली की दुसऱ्यासही कळ पोहोचते. हे वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढील सारे रामायण त्यातूनच घडले.

व्हाळातील दगड जीपच्या पोटास घासतात, अशी आमच्या धाकट्या बंधूंची जुनी तक्रार. पावसाळ्याच्या आरंभी त्यांनी ती शहरातील एका गॅरेजात नेली आणि उंच करवून आणली. पाट्याचे एक टोक चेसिसला ज्या हलत्या जोडपट्टीने जोडलेले असते तिला शॅकल म्हणतात. पुढची शॅकले २ इंचांनी लांब घातली, मागचीही तशीच; आणि मूळचे सुमारे २८ इंच व्यासाचे टायर काढून ३० इंचांचे, रुंद, खोल नक्षीचे टायर चढविले. जीप अंगणात उभी राहिली तेव्हा, खोटे कशाला बोला, आम्हांसही ती रुबाबदार वाटली.

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचे सामान आणण्यास आम्ही सारे कुळागरात गेलो होतो. परतताना मागे सुपारीचे आणि नारळांचे घोस, कवंडळे, केळीची पाने. पुढे बंधूंच्या शेजारी आई. आणि मागे त्या हिरव्या ढिगाऱ्यात आम्ही. सडक चांगली, वेग ताशी ५५ किलोमीटर. एका पुलाच्या सांध्यावरून चाक गेले, बारीकसा धक्का बसला, आणि पुढची दोन्ही चाके डावी-उजवीकडे अशी फडफडू लागली की जीपचा सांगाडा सुटून पडतो की काय असे वाटावे. स्टिअरिंग बंधूंच्या हातांतून निसटू पाहत होते. समोरून ट्रक येत होता. बंधूंनी एक गोष्ट बरी केली. ब्रेकवर पाय आदळला नाही; ॲक्सिलरेटर सोडला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरले आणि जीप आपोआप मंदावू दिली. वेग ३० च्या खाली आला तेव्हा थरथर जशी आली तशी थांबली. आई एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर तिने माटोळी बांधून घेतली, पूजा यथासांग झाली. मात्र त्या दिवसानंतर ती जीपमध्ये बसली नाही. कुळागरात जायचे झाले की वाळपईपर्यंत बस, पुढे दुसरी बस, आणि शेवटचे ३ किलोमीटर पायी. वय ६८. आम्ही समजावले, बंधूंनी विनविले. तिचे उत्तर एकच, चालण्याने प्रकृती चांगली राहते.

त्यानंतर जीपच्या गॅरेजवाऱ्या सुरू झाल्या. पहिल्या खेपेस चाकांचे बॅलन्सिंग झाले. दुसऱ्या खेपेस अलाइनमेंट. तिसऱ्या खेपेस स्टिअरिंग डँपर नावाची एक नळी चाकांच्या दांड्यास बसविण्यात आली. दार आपटू नये म्हणून त्याच्या वर जी तेलाची नळी लावतात तिचाच हा भाऊ. प्रत्येक वेळी बिल आले आणि प्रत्येक वेळी ‘आता काही होणार नाही’ हे आश्वासन. डँपरने तीन आठवडे खरोखरच काही झाले नाही. चौथ्या आठवड्यात, त्याच पुलावर, पुन्हा तेच.

मग घरात वाद पेटला. घरचे आमचे बोलणे कोंकणीत. येथे मराठीत देतो. आम्ही म्हटले, जीप उंच केल्यावर हे सुरू झाले, तेव्हा उंचीच ह्याचे मूळ. बंधू म्हणाले, “दादा, तुला ह्यातले काय कळते? सारेच उंच करतात.” आम्ही मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याचे कलम ५२ काढले, उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाहून वाहन वेगळे होईल असा फेरफार त्यास मंजूर नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ लावला, हे वाचून दाखविले. “कायदा राहू दे, जीप का हलते ते सांग,” असे म्हणून बंधू उठून गेले. त्यानंतर आठ दिवस जेवणाच्या पाटावर फक्त वाढणाराचा आवाज. प्रश्न रास्त होता, आणि आमच्यापाशी उत्तर नव्हते, हे आम्हांस अधिक झोंबले.

अखेर आम्ही फोंड्यातील एका वृद्ध मेस्त्रींकडे गेलो. ह्यांची उमेदीची वर्षे खाणींवरील जीपा दुरुस्त करण्यात गेली; आता हात कापतो, पण कान शाबूत. त्यांनी पाना हातात घेण्यापूर्वी प्रश्न विचारले. थरथर ठरावीक वेगाला आपोआप येते, की धक्का बसल्यावर? वेग वाढविला तर जाते, की मंदावल्यावाचून जातच नाही? बंधू बॉनेट उघडू लागले तसे ते म्हणाले, “पयलीं पळय, मागीर हात लाय.” आधी पाहा, मग हात लाव.

ह्या प्रश्नांतील मर्म विद्यार्थिमित्रांना गणिताने कळेल. ३० इंच व्यासाच्या टायरचा परीघ सुमारे २.४ मीटर. ताशी ५५ किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारे १५.३ मीटर. म्हणजे चाक सेकंदास सहाहून थोडे अधिक फेरे घेते. टायर एका अंगास जड असेल तर तितकेच हिसके दर सेकंदास बसतील, आणि झोक्यास नेमक्या वेळी दिलेल्या धक्क्यांप्रमाणे एका ठरावीक वेगाला हलणे वाढेल. वेग पुढे गेला की ते ओसरेल. तो दोष बॅलन्सिंगचा. परंतु एकाच धक्क्याने सुरू होणारी आणि मंदावल्यावाचून न थांबणारी थरथर वेगळ्या जातीची. तिला बाहेरून हिसके लागत नाहीत. धावत्या जीपचीच शक्ती चोरून ती स्वतःला पोसते. अमेरिकेतील जीपवाले तिला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. मोटारींच्या बाल्यावस्थेपासून ही व्याधी अभियंत्यांना ठाऊक आहे. ब्रुलिये नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १९२५ मध्ये तिच्यावर निबंध लिहिला होता.

तपासणी अशी झाली. चाके जमिनीवरच ठेवून आम्हांस स्टिअरिंगवर बसविण्यात आले. आमचे काम एवढेच की, ते थोडेसे डावीकडे, थोडेसे उजवीकडे असे न कंटाळता हलवीत राहावयाचे. मेस्त्री जीपखाली उताणे पडले आणि एकेका सांध्यावर बोटे ठेवून पाहू लागले. डोळ्यास न दिसणारी हालचाल बोटास कळते, म्हणे. स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट घट्ट. ड्रॅग लिंक ठीक. टाय रॉडच्या उजव्या टोकास किंचित प्ले. मग जॅक लावून उजवे चाक उचलले आणि वरून-खालून धरून हलविले. चाक हलले. बंधूंना ब्रेक दाबून धरण्यास सांगितले आणि पुन्हा हलविले. ह्यातील खुबी आम्हांस फार आवडली. ब्रेक दाबल्यावर चाक आपल्या बैठकीशी जखडले जाते. तेव्हा हालचाल थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, आणि न थांबली तर किंगपिनचा, म्हणजे ज्या खुंटाभोवती चाक डावी-उजवीकडे वळते त्याचा. चाक हलतच राहिले. उघडून पाहिले तर किंगपिनच्या खालच्या बेअरिंगला गंज आणि त्याच्या वाटीत खळगे. वर्षानुवर्षे व्हाळातील पाणी आत जात होते आणि ग्रीस भरण्याची आठवण कोणास झाली नव्हती.

“म्हणजे उंचीचा दोष नाही!” बंधू म्हणाले. मेस्त्रींनी त्यांचाच मोबाइल मागून घेतला, कोन मोजण्याची सोय उघडली आणि किंगपिनच्या सपाट टोपीवर तो ठेवला. ह्या खुंटाचे वरचे टोक किंचित मागे झुकलेले असावे लागते; त्या कलास कॅस्टर म्हणतात. अशा जीपला तो सुमारे ३ अंश हवा. मोबाइलने एक अंशही दाखविला नाही.

कॅस्टरचे कार्य ज्यास पाहावयाचे असेल त्याने आपली सायकल फक्त खोगीर धरून पुढे ढकलावी. ती सरळ जाते. तशीच मागे ओढावी. पुढचे चाक लगेच आडवे होते. पुढे जाताना जमिनीला टेकणारा टायरचा भाग वळण्याच्या आसाच्या मागे फरफटत येतो, म्हणून चाक पुन्हापुन्हा सरळ होते. आमच्या जीपची पुढची शॅकले पाट्याच्या पुढच्या टोकास आहेत. ती लांब झाली, पाट्याचे पुढचे टोक खाली आले, पाट्याबरोबर एक्सल पुढे कलंडला आणि किंगपिनचा मागचा कल नाहीसा झाला. त्यात रुंद, जड टायरांचा भार त्या खिळखिळ्या बेअरिंगवर. चाकास सरळ होण्याची ओढ उरली नाही आणि सांध्यास आवरून धरण्याची ताकद उरली नाही. दोघे भाऊ आपापल्या परीने बरोबर होते, असे मेस्त्री म्हणाले. ते जीपविषयी की आमच्याविषयी, हे आम्ही विचारले नाही. डँपरविषयी मात्र त्यांचे मत तिखट होते: ती गुंगी, औषध नव्हे, दुखणे आत वाढतच राहते.

एक्सल आणि पाटा ह्यांमध्ये पाचर घालून कल परत आणता येतो. पाचर प्रमाणाबाहेर जाड झाली तर अति कॅस्टरनेही थरथर येते, पण ती गोष्ट निराळी. मेस्त्रींनी पाचर घातली नाही. ते पाटे न्याहाळीत होते. “जीप ठेंगणी नव्हती,” ते म्हणाले, “पाटे बसले होते.” वीस वर्षांच्या ओझ्याने त्यांची कमान सपाट झाली होती. शिवाय शॅकल २ इंच लांबविले तरी एक्सल पाट्याच्या मध्यावर असल्यामुळे जीप इंचभरच उचलली जाते; आणि तीही अंगाने. एक्सलच्या मध्यावरचा गोळा, जो दगडास सर्वांत आधी लागतो, तो शॅकलने केसभरही वर जात नाही. तो फक्त टायरने उचलला जातो, व्यास २ इंच वाढला तर इंचभर. एवढ्या इंचभरासाठी हा सारा खटाटोप! त्यापेक्षा मोठा दगड दोन चाकांच्या मधून न घेता टायर त्याच्यावरच चढवावा म्हणजे गोळाही वर उचलला जातो, हे त्यांनी सांगितले तेव्हा बंधू बराच वेळ गप्प होते.

मूळ लांबीची शॅकले, मूळ मापाचे नवे पाटे आणि टायर, किंगपिनची नवी बेअरिंगे, टाय रॉडचे नवे टोक, असे सारे झाले. बेअरिंग किती घट्ट बसले हे मेस्त्रींनी मासळीवाल्याच्या ताणकाट्याने ओढून पाहिले. जीप अंगणात आली तेव्हा पूर्वीइतकी रुबाबदार नव्हती, पण पाटे नवे असल्यामुळे पावसाळ्यापूर्वी होती तिच्याहून उंचच होती. डँपर अडगळीच्या खोलीत आहे. बंधूंनी पाचदा त्या पुलावरून जीप नेली; दोनदा आम्हीही शेजारी बसलो आणि सांधा जवळ येताच दारास धरून राहिलो.

नाताळच्या सुट्टीत सुपारीची पाडप होती. सकाळी आई पिशवी घेऊन बसच्या वेळेस निघाली. बंधू जीप काढून फाटकापाशी उभे होते; ते काही बोलले नाहीत, नुसते पलीकडचे दार उघडून ठेवले. आईने जीपकडे पाहिले, मग बंधूंकडे, आणि पदर खोचून आत बसली. आम्ही मागे. वाटेत तिने पाडेल्यांची मजुरी, मिरीवरील रोग आणि शेजाऱ्यांच्या लेकीचे लग्न असे विषय एकामागून एक काढले. ताशी ५५ च्या वेगाने पुलाचा सांधा चाकाखालून गेला. एक टक्कसा आवाज झाला, दुसरे काही नाही. बंधूंनी आरशातून आमच्याकडे पाहिले. पुढे बराच रस्ता गेल्यावर आईने हातातील पिशवी मांडीवरून खाली ठेवली आणि विचारले, “पूल केन्ना गेलो?”