पत्ते वाटणारा हात : कॅसिनोची नोकरी आणि सम्यक आजीविका



पणजीला मांडवी नदीत उभ्या असलेल्या एका कॅसिनो जहाजावर डीलर म्हणून रुजू व्हायचं की नाही, हा प्रश्न गेले दोन महिने माझ्यापुढे होता. निवड झाली होती, फक्त होकार कळवायचा होता. मी नकार कळवला. त्याची कारणं इथे लिहिते आहे, कारण नंदुरबार, शहादा, नवापूरच्या कितीतरी मुलामुलींच्या मोबाइलवर अशा जाहिराती येतात. बारावी पास, बोलण्यापुरतं इंग्रजी, राहणं-जेवण कंपनीचं. आणि त्यांना सल्ला देताना आपण दोन वाक्यांत मोकळे होतो. एक, ‘कोणतंही काम हलकं नसतं, जा.’ दुसरं, ‘बाबासाहेबांच्या लेकीने जुगाराच्या अड्ड्यावर जायचं?’ दोन्ही वाक्यं मी भरपूर ऐकली. दोन्हींनी माझा प्रश्न सुटला नाही.

आधी परिस्थिती सांगते. मी बी. कॉम. झाले, दोन वर्षं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केला. आई हंगामात मिरचीच्या पथारीवर जाते. दिवसभर मिरची हाताळल्यावर हातांची जी आग होते ती रात्री झोपू देत नाही, हे नंदुरबारच्या बायकांना वेगळं सांगायला नको. धाकटा भाऊ पॉलिटेक्निकला आहे आणि डोक्यावर बचत गटाचं कर्ज आहे. कॅसिनोचा पगार इथल्या खाजगी शाळेत शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या पगाराच्या जवळजवळ दुप्पट होता. तेव्हा हा प्रश्न आमच्यासाठी केवळ वैचारिक नव्हता.

काम काय असतं हे मी तिथे नोकरी करणाऱ्या आमच्या तालुक्यातल्या एका दादाला विचारलं. डीलरने पत्ते पिसायचे, वाटायचे, रुलेटचं चाक फिरवायचं, चिप्स मोजायच्या, जिंकलेल्याला किती द्यायचे याचा हिशेब क्षणात करायचा. त्यासाठी प्रशिक्षणात पस्तीसचा, सतराचा पाढा घोटून घेतात. गणवेशाला खिसा नसतो. टेबल सोडताना दोन्ही तळहात उघडून कॅमेऱ्याला दाखवायचे, म्हणजे चिप लपवलेली नाही हे सिद्ध होतं. छातीवरच्या पट्टीवर फक्त पहिलं नाव असतं. दादा म्हणाला, ‘ताई, इथे मला कोणी आडनाव विचारत नाही. गावात पहिला प्रश्न तोच असतो.’

हे वाक्य मी हलकं मानत नाही. ज्यांच्या आडनावावरून भाड्याची खोली नाकारली गेली आहे त्यांना त्याची किंमत कळते. म्हणून पहिला मुद्दा स्पष्ट करते. हे काम ‘कमी प्रतीचं’ आहे म्हणून मी नकार दिलेला नाही. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडलं. त्यांनी महार वतन सोडायला सांगितलं ते त्या कामात कष्ट होते म्हणून सांगितलं नाही. ते काम जन्माने लादलेलं होतं आणि माणसाला गावाचा गुलाम ठेवत होतं. डीलरचं काम जन्माने मिळत नाही. मुलाखत होते, कौशल्य लागतं, राजीनामा देता येतो. ‘आपल्या समाजाला शोभत नाही’ एवढ्याच कारणावर ते नाकारायचं, तर कामांची उतरंड लावण्याची जी सवय आपण मनुवादी म्हणून हिणवतो, तीच आपण उचलली असं होईल.

काही कार्यकर्ते १६ जून १९३६ च्या भाषणाचा दाखला देतात. मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, पोतराज, जोगतिणी यांच्यापुढे बोलताना ते जिणं सोडायला सांगितलं होतं. मग पोट कसं भरायचं, हा प्रश्न तिथेही होताच, तरी त्यांनी सांगितलं. पण ती जिणी धर्माच्या नावाने आपल्याच माणसांवर लादलेली होती. तो दाखला जसाच्या तसा माझ्या नोकरीला लावता येत नाही. त्यातून एवढंच घेता येतं की पोटाचा प्रश्न कितीही खरा असला तरी कामाचा विचार तिथे संपत नाही.

दुसरा मुद्दा धम्माचा. ‘बुद्धाने जुगाराला मनाई केली, विषय संपला’ असं म्हणणाऱ्यांनी जरा नीट वाचावं. उपासकाने कोणते व्यापार करू नयेत हे अंगुत्तर निकायातल्या वणिज्जा सुत्तात आहे. शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष, असे पाच. त्यात जुगार नाही. जुगार येतो तो दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तात, आणि तिथे खेळणाऱ्याचे सहा तोटे सांगितले आहेत. जिंकला तर वैर वाढतं, हरला तर गेलेल्या धनाचा शोक, धन जातं, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ मानतात, लग्नासाठी कोणी विचारत नाही. पत्ते वाटणाऱ्याबद्दल तिथे काही नाही. आता कॅसिनोत दारू पॅकेजमध्येच येते आणि टेबलापर्यंत पोचते. ती डीलर ओतत नाही, पण दारू घेतलेल्या माणसापुढे पत्ते तोच वाटतो. म्हणजे सुत्तांची यादी तपासून सुटका नाही. कालामांना बुद्धाने सांगितलं तेच करावं लागतं. ग्रंथात आहे म्हणून नको, परिणाम स्वतः तपासून ठरवा.

म्हणून तिसरा मुद्दा, हिशेबाचा. मी कॉमर्सची विद्यार्थिनी, तेव्हा वही घेऊन बसले. एका शून्याच्या रुलेटवर ० ते ३६ असे ३७ आकडे असतात. तुमचा आकडा लागला तर पैजेच्या ३५ पट मिळतात, आणि लावलेली पैज परत. आता समजा कोणी सगळ्या ३७ आकड्यांवर शंभर-शंभर रुपये लावले. टाकले ३,७०० आणि हाती आले ३,६००. शंभर रुपये घराचे. म्हणजे टेबलावरच्या प्रत्येक शंभरामागे सरासरी २ रुपये ७० पैसे मालकाकडे जाणार. तासात तीस वेळा चाक फिरलं आणि दर वेळी शंभर लावले, तर ३,००० च्या पैजांवर सरासरी ८१ रुपये गेले. एखादा जिंकून उठतो आणि त्याची गोष्ट गावभर होते. रात्रभर भरलेल्या टेबलाचा हिशेब मात्र एकाच बाजूला झुकतो. यात फसवणूक नाही. चाक खरं, पत्ते खरे, डीलर प्रामाणिक. त्या प्रामाणिकपणावरच सगळा धंदा चालतो. समोरच्याला वाटत असतं की तो नशिबाशी खेळतोय. डीलरला पाढा पाठ असतो.

इथे मी अडखळले. शिकवणं, हिशेब लिहिणं, मिरची वाळवणं, यात माझ्या कौशल्याने समोरच्याचं काहीतरी भलं होतं. इथे मी जितकी हुशार आणि वेगवान, तितकी चाकं जास्त फिरणार, तितके लोक जास्त हरणार.

हे हरणारे लोक कोण? इथे कायदा बघा. गोव्याने १९७६ च्या जुगारबंदी कायद्यात दुरुस्त्या करून १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना आणि १९९६ मध्ये जहाजांवर टेबलावरच्या खेळांना वाट काढून दिली. पण १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. काम करता येतं, खेळता येत नाही. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. दोन्ही सरकारांना माहीत आहे की हे आपल्या माणसांसाठी बरं नाही. गोव्याला महसूल हवा, पण तो परक्यांच्या खिशातून. ते परके म्हणजे आपण. महाराष्ट्रातून, शेजारच्या गुजरातमधून आलेले लोक. त्यांत शौक म्हणून येणारा श्रीमंत असतो, तसा कर्ज काढून ‘एकदाच’ म्हणून येणाराही असतो. माझे मोठे काका मटक्यात बुडाले तेव्हा त्यांचा आकडा लिहून घेणारा आमच्याच वस्तीतला होता. तो वाईट माणूस नव्हता. काकूंनी मात्र त्याच्याशी कधी बोलणं केलं नाही.

‘तू नाही गेलीस तर दुसरी जाईल, जहाज थोडंच बुडणार आहे?’ हा प्रश्न भावानेच विचारला. खरं आहे, बुडणार नाही. माझ्या नकाराने कॅसिनो बंद पडावा असा माझा दावाही नाही. सम्यक आजीविका म्हणजे माझे आठ-दहा तास रोज कशात खर्च होतात याचं उत्तर मला देता येणं. ते उत्तर मला आईपुढे आणि विहारात येणाऱ्या पोरांपुढे देता आलं नसतं, एवढंच.

पण जे गेले त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. गुजरातेत ऊसतोडीला उचल घेऊन जाणाऱ्या कुटुंबाला आपण दोष देत नाही, मुकादमाला आणि व्यवस्थेला विचारतो. तोच न्याय इथे लावा. जहाजावरचा तो दादा आपल्या बहिणीला नर्सिंगला शिकवतो आहे. त्याला ‘जुगारी’ म्हणणाऱ्यांनी आधी अनुशेषाच्या किती जागा भरल्या गेल्या ते विचारावं, शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर का येते ते विचारावं. ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृतीसाठी आपण गाड्या भरभरून जातो. त्याच गर्दीत जिल्ह्यातल्या नोकऱ्यांची माहिती देणारा एक टेबल का लागू नये? विहारात रविवारी इंग्रजी बोलण्याचा आणि टॅलीचा वर्ग का चालू नये? पर्याय उभा न करता दिलेला नैतिक सल्ला गरिबाला परवडत नाही.

माझ्या नकाराची किंमत मी मोजते आहे. शहरातल्या एका कृषी सेवा केंद्रात हिशेब लिहायला लागले, पगार त्या ऑफरच्या निम्म्याहून कमी आहे. बचत गटाचे हप्ते लांबवून घेतले. आई अजून पथारीवर जाते, आणि निर्णयाचा हा भाग मला रोज टोचतो. तिने एवढंच विचारलं, ‘तिथे रोज कोणाचं तरी घर हरणार होतं का?’ मी हो म्हणाले. त्यावर ती काही बोलली नाही आणि मीही विषय वाढवला नाही.

ज्यांच्यापुढे आज अशीच ऑफर आहे त्यांनी माझा निर्णय उचलू नये. वही घ्या. घरची गरज लिहा, करारातल्या अटी लिहा, पैसा कोणाच्या खिशातून येतो तेही लिहा. मग ठरवा. आणि कार्यकर्त्यांनो, तो मुलगा किंवा मुलगी ठरवत असताना त्यांच्या हातात दुसरा एक कागद असेल, दुसऱ्या नोकरीचा, एवढी तरी सोय करा.

जय भीम! नमो बुद्धाय!