दहाव्याला आवतण नसते

निवृत्तीनंतर घर बदलताना माणूस पाण्याची, दवाखान्याची आणि बसथांब्याची चौकशी करतो. गावाच्या रीतीभातींची चौकशी करावी, असे सहसा सुचत नाही. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरील कोरेगाव भीमाला मी राहायला आलो, तेव्हा शेजारी सणसवाडीचे कारखाने आणि जवळ भीमेचे पात्र आहे, एवढेच मला ठाऊक होते.

येथे प्रथम उमगली ती दशक्रियेची रीत. शहरात आपण ओळखीच्या घरी वेळ विचारून सांत्वनाला जातो. येथे दहाव्या दिवशी सकाळी नदीकाठी भावकी, सोयरे आणि शेजारी जमतात. प्रवचन होते, श्रद्धांजलीची भाषणे होतात. पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहिली जाते. मृताला जेमतेम ओळखणारेही त्यांत असतात. आपण जावे की नाही, या विचारात मी असताना शेजारच्या आक्का म्हणाल्या, “काका, लग्नाला आवतण लागतं, दहाव्याला नाही.” आनंदात यजमान पाहुणे निवडतो, दुःखात गाव आपणहून येते. नवख्याला गावात शिरण्याची हीच वाट सर्वांत मोकळी असते.

दुसरी रीत तारखांची. शहरात १ जानेवारी म्हणजे नवे वर्ष. येथे ती १८१८ च्या लढाईची तारीख आहे. भीमेपलीकडे पेरणे हद्दीतील जयस्तंभाशी महार सैनिकांच्या पराक्रमाला वंदन करण्यासाठी त्या दिवशी लाखो लोक येतात. १९२७ मध्ये याच तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे आले होते. जवळच वढू बुद्रुकला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे; फाल्गुन अमावास्येला तेथे त्यांच्या बलिदानाचे स्मरण होते. २०१८ च्या १ जानेवारीला या परिसरात हिंसाचार झाला, एका तरुणाचा जीव गेला. आजही तो विषय निघाला की बोलणारा क्षणभर थांबतो.

अशा ठिकाणी उपऱ्याला दोन मोह होतात : खिडकीतून नुसते पाहत राहण्याचा आणि चार दिवसांत निवाडा देण्याचा. दोन्हींत स्वतःला काही द्यावे लागत नाही. मी ऐकणे पत्करले, आणि १ जानेवारीला पायी येणाऱ्यांसाठी दाराशी पाण्याचा माठ ठेवू लागलो.

उतारवयात गाव बदलणाऱ्याच्या मनात एक प्रश्न असतो, तो बोलून दाखवला जात नाही. मुले दूर आहेत. उद्या माझ्या दहाव्याला नदीकाठी कोण उभे राहील? त्याचे उत्तर मागून मिळत नाही. म्हणून आज मी इतरांच्या दहाव्याला जाऊन उभा राहतो.

तुमच्यापैकी अनेक जणी सासरी आल्यावर हे सारे शिकल्या असतील, तेही निवृत्तीचा निवांतपणा नसताना. त्या दिवसांत परके गाव आपले कशामुळे झाले, ते एकदा आठवून लिहून पाहा.