कोळशाच्या दऱ्यांत चार दिवस

मुलांनो, 'दरी' म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? खोल उतार, दाट झाडी, तळाशी एखादी नदी आणि कुठेतरी दूर एकटेच कौलारू घर. होय ना? वेल्समधल्या दऱ्यांत झाडी आहे, नदीही आहे, पण घर एकटे नाही. एकाला एक चिकटलेली, सारख्या दारांची आणि सारख्या खिडक्यांची घरे डोंगराच्या कडेने आगगाडीच्या डब्यांसारखी उभी असतात. एवढ्या अडचणीच्या जागी एवढी माणसं का बरं राहायला आली असतील? याचे उत्तर जमिनीच्या पोटात आहे. तिथे कोळसा होता.

ब्रिटनच्या पश्चिम भागात, इंग्लंडला लागून वेल्स हा देश आहे. त्याच्या दक्षिण भागात टॅफ, ऱ्होंडा अशा नद्यांनी डोंगर चिरले आहेत. 1913 साली या दऱ्यांतून साडेपाच कोटी टनांहून अधिक कोळसा निघाला आणि दोन लाखांहून अधिक माणसे खाणीत राबत होती. आज तिथे एकही मोठी खोल खाण चालू नाही. शेवटची टॉवर नावाची खाण. सरकारने ती बंद केली, तेव्हा दोनशेहून अधिक कामगारांनी नोकरी गेल्याबद्दल मिळालेल्या रकमेतून प्रत्येकी 8000 पौंड घालून ती 1995 साली विकतच घेतली आणि कोळसा संपेपर्यंत, म्हणजे 2008 पर्यंत, स्वतः चालवून दाखवली. मला तर ही गोष्ट फार आवडली.

माझा भाऊ ब्रिस्टलला नोकरी करतो. 2019 च्या मे महिन्यात मी व माझा मुलगा त्याच्याकडे गेलो होतो. तिकडे मे अखेरीस शाळांना आठवडाभर सुट्टी असते. तेव्हा दादा-वहिनी, आठ वर्षांची भाची आणि आम्ही दोघे असे मर्थर टिडविल या गावी चार दिवस जाऊन राहिलो. हॉटेलात नव्हे हं! तिकडे सुट्टीपुरते आख्खे घर भाड्याने मिळते. किल्ली आपल्या हाती. गाद्या, भांडी, शेगडी सगळे तयार, मात्र स्वयंपाक आपला आपण करायचा.

वहिनीने कुकर, बेसन आणि मसाल्याचा डबा बरोबर घेतलाच होता. दादाने आधीच बजावले, "फोडणी द्यायच्या आधी खिडकी उघडा, नाहीतर छतावरचा धुराचा भोंगा केकाटेल!" मग काय, मोहरी तडतडायच्या आधी भाची धावत जाऊन खिडकी उघडायची. ते तिचे कामच ठरून गेले. बाजारात लीक नावाची भाजी मिळाली. कांद्याच्या पातीची थोरली बहीणच म्हणा ना! हे लीक म्हणजे वेल्सचे मानचिन्ह आहे. 1 मार्चला, त्यांच्या संत डेव्हिडच्या दिवशी, लोक ते छातीवर लावतात. आम्ही पीठ पेरून त्याची भाजी केली. झकास झाली. बेकरीतून आणलेले वेल्श केकही छान होते. ते भट्टीत भाजत नाहीत, आपल्या दशमीसारखे तव्यावर भाजतात, आत काळ्या मनुका असतात. रात्री नऊ वाजले तरी बाहेर उजेड! त्यामुळे मुलांना झोपवणे हाच मोठा उद्योग होता.

रस्त्यावरच्या पाट्या दोन भाषांत असतात, इंग्रजी आणि वेल्श. रस्त्यावर 'अराफ' असे रंगवलेले दिसले की समजायचे, गाडी हळू चालवा. 'बोरे दा' म्हणजे सुप्रभात. 'कुम' म्हणजे दरी. दोन 'एल' जोडून येतात त्याचा उच्चार करायचा तर जीभ 'ल'च्या जागी ठेवून फुंकर मारायची. करून पाहा बरं! आमच्या घरात दिवसभर फुसफुस चालली होती. एकोणिसाव्या शतकात तिथल्या काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पट्टी अडकवत. दुसरे कोणी वेल्श बोलले की पट्टी त्याच्या गळ्यात जाई आणि शाळा सुटताना ज्याच्याकडे ती असेल त्याला छडी मिळे. शिक्षिका म्हणून हे वाचताना मला कसेसेच झाले. आज मात्र तिथली सगळी मुले सोळा वर्षांची होईपर्यंत शाळेत वेल्श शिकतात.

याच मर्थरजवळच्या पेनडॅरन इथल्या लोखंडाच्या कारखान्यातून 21 फेब्रुवारी 1804 रोजी रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या वाफेच्या इंजिनाने दहा टन लोखंड आणि सत्तर माणसे रुळांवरून ओढत नेली. आपली मुंबई-ठाणे गाडी धावली 1853 साली. म्हणजे तिच्या पणजीच्या गावीच आम्ही उतरलो होतो!

दुसऱ्या दिवशी ब्लेनॅव्हनची 'बिग पिट' खाण पाहिली. ती 1980 मध्ये बंद झाली आणि 1983 पासून लोकांना पाहण्यासाठी खुली झाली. लिफ्टच्या पिंजऱ्यात उभे राहून 90 मीटर खाली जायचे. त्याआधी घड्याळ, मोबाईल, काडेपेटी सगळे वर ठेवून घेतात. का? तर खाणीत मिथेन वायू साठू शकतो आणि एका ठिणगीनेही तो पेट घेतो. डोक्यावर शिरस्त्राण, त्यावर दिवा, कमरेला जड बॅटरी. आमचा वाटाड्या पूर्वी खाणीतच काम केलेला होता. एका लाकडी दारापाशी त्याने सर्वांना दिवे विझवायला सांगितले. मुलांनो, असा अंधार मी कधी पाहिला नव्हता. डोळ्यांसमोर धरलेला स्वतःचा हात दिसेना. भाचीने माझी बाही घट्ट धरली.

तो म्हणाला, "तुमच्याएवढी मुलं इथे बसायची." हवा खेळती राहावी म्हणून खाणीत दारे असत. गाडी आली की दार उघडायचे, गेली की लावायचे. त्यासाठी पाच-सहा वर्षांची पोरे तासन्‌तास अशा काळोखात बसत. 1842 च्या कायद्याने स्त्रिया, मुली आणि दहा वर्षांखालील मुलगे यांना खाणीत उतरवायला बंदी झाली. दहा वर्षांचा मुलगा मात्र चालत होता! माझा मुलगा तेव्हा नेमका दहाचा. तो काही बोलला नाही. भाचीने मात्र विचारले, "आत्या, ती मुलं डबा कुठे खायची?" वाटाड्याने वर आल्यावर खाणकामगारांचा पत्र्याचा डबा दाखवला. आकार ब्रेडच्या कापासारखा, आणि पत्र्याचा अशासाठी की उंदरांनी भाकर पळवू नये.

मर्थरहून सहा-सात किलोमीटरवर अ‍ॅबरफॅन आहे. मुलांना न्यावे की नाही, यावर वहिनीचे आणि माझे रात्री बराच वेळ बोलणे झाले. शेवटी नेले.

खाणीतला निरुपयोगी दगड-चिखल गावाच्या वर डोंगरावर ओतत. सात नंबरचा ढीग होता एका झऱ्यावर. खाली पँटग्लास ही प्राथमिक शाळा. नगरपालिकेच्या इंजिनिअरने 1963 मध्येच पत्राने धोका कळवला होता. 1965 मध्ये आयांनी अर्जही दिला. ढीग तसाच वाढत राहिला. 21 ऑक्टोबर 1966 रोजी, शुक्रवारी, सकाळी सव्वानऊला तो सुटला आणि शाळेवर आला. दुसऱ्या दिवसापासून सुट्टी लागणार होती. 116 मुले आणि 28 मोठी माणसे गेली, त्यांत शाळेचे पाच शिक्षक होते. चौकशी समितीने राष्ट्रीय कोळसा मंडळाला दोषी ठरवले. तरीही उरलेले ढीग हलवायला लोकांनी दिलेल्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेतले गेले! ते परत मिळायला 1997 साल उजाडले.

शाळेच्या जागी आता बाग आहे. वर डोंगरावर दफनभूमीत पांढऱ्या कमानींची रांग दिसते. सव्वानऊला आमच्याकडे हजेरी चालू असते. ते माझ्या मनातून जाईना.

त्या रात्री खिचडी जेवताना मुलाने विचारले, "आई, आपल्या शाळेच्या मागे काय आहे?" मी म्हटले, ओढा आणि कुंपणाची भिंत. पण भिंत कशी आहे, हे मला सांगता येईना.

जूनमध्ये शाळा उघडली, त्या पहिल्याच आठवड्यात मी चौथीच्या वर्गाला घेऊन मागच्या बाजूला गेले. भिंत ओढ्याकडे कलली होती आणि तिला दोन उभ्या भेगा होत्या. मुलांनी फूटपट्टीने भेगा मोजून वहीत आकृती काढल्या. सर्वांत सुवाच्य अक्षर असलेल्या मुलीने अर्ज लिहिला, खाली अडतीस सह्या झाल्या आणि मुख्याध्यापकांच्या पत्रासह तो पंचायतीत दिला. दोनदा आठवण करून द्यावी लागली. दिवाळीच्या सुट्टीत ती भिंत पाडून नवी बांधली.