पसरलेला नव्हे, दुसरा

लघवीतून रक्त पडलं, तेही काही न दुखता. खडा असता तर लोळायची पाळी आली असती, म्हणून आमच्या डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी सोनोग्राफीला पाठवलं. लघवीच्या पिशवीत गाठ निघाली. मग सीटी स्कॅन झाला, तर उजव्या किडनीवर आणखी एक, तीनेक सेंटिमीटरची.

घरात सगळ्यांनी एकच अर्थ लावला, पसरला. थोरला तर गॅलरीत उभा राहून गावी फोनवर तसंच सांगत होता. सर्जननी मात्र कागदावर चित्र काढून दाखवलं. पिशवीतली गाठ आतल्या अस्तराची. तेच अस्तर दोन्ही नळ्यांतून वर किडनीच्या पोकळीपर्यंत जातं. पण माझ्या किडनीवरची गाठ त्या अस्तराची दिसत नव्हती, किडनीच्या गराची होती. म्हणजे दोन वेगळे कॅन्सर, आपापल्या जागी. एक पसरण्यापेक्षा दोन सुटे असलेले बरे, हे माझ्या गळी उतरायला वेळ लागला. गावाकडच्यांच्या अजून उतरलेलं नाही.

"काका, काम काय करायचात?" सर्जननी विचारलं.

"मिलमध्ये, रंगखात्यात." ८२च्या संपापर्यंत.

रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना पिशवीच्या गाठी होतात, हे लुडविग रेन नावाच्या जर्मन सर्जनने १८९५ सालीच मांडलं होतं म्हणे. आमच्या खात्यात हे कधी कुणी बोललं नाही. विडीही होतीच. रंगाचा संबंध मुख्यतः पिशवीशी, विडीचा दोन्हींशी. संपाने रंग सुटला, रिकामपणात विडी वाढली.

आधी दुर्बिणीतून पिशवीतली गाठ खरवडून काढली. जात आक्रमक, पण स्नायूत शिरलेली नव्हती. नंतर किडनीचं ऑपरेशन. अख्खी काढून टाका, एकीवर माणूस जगतो, असं माझं म्हणणं. सर्जन ऐकेनात. पिशवीचा कॅन्सर पुन्हा उगवणारा, उद्या वरच्या अस्तरात आला तर त्या बाजूची किडनी नळीसकट काढावी लागेल. म्हणून आज वाचेल तेवढी वाचवायची. गाठीपुरता भाग काढला. तपासणीत ती किडनीचीच निघाली, पिशवीतून आलेली नव्हे.

खरी परीक्षा बीसीजीची. तान्ह्या बाळाला टीबीसाठी टोचतात तीच लस, नळीने पिशवीत सोडतात. आठवड्याला एक, असे सहा आठवडे. दोन तास लघवी धरायची. परळच्या हॉस्पिटलमधून आमचं लालबाग जवळ, म्हणून टॅक्सीने घर गाठायचो. पुढचे सहा तास दर वेळी बसून लघवी करायची, वर ब्लीच ओतायचं आणि वीस मिनिटं थांबून पाणी सोडायचं, कारण लसीतले जंतू जिवंत असतात. फ्लॅटवाल्याला ठीक आहे. आमच्या चाळीत संडास सामाईक! वीस मिनिटं दार अडवलं तर मजला पेटतो. त्यात 'टीबी' हा शब्द कुणीतरी ऐकला आणि कुजबुज सुरू झाली. शेवटी सौ.नेच बायकांना बसवून सगळं समजावलं. मग मजल्यावरच्या पोरांनी दर मंगळवारी शेवटच्या संडासाला 'बंद' लिहिलेला पुठ्ठा लावायला सुरुवात केली. ब्लीचच्या वासाचं म्हणाल तर मिलमध्ये ब्लीचिंग खातं आमच्या शेजारीच होतं. जळजळ मात्र विचारू नका, रात्री अंगात कसकसही यायची.

आता दोन फायली आहेत. पिशवीची दुर्बीण दर तीन महिन्यांनी, किडनीचा सीटी वेगळा. परवा पिशवी स्वच्छ निघाली. सीटी पुढच्या महिन्यात, त्याआधी क्रिएटिनिन करून आणायला सांगितलंय.